हलका गिअर, जड गैरसमज

घाट मांडीच्या जोरावर चढायचा असतो, गिअरच्या आधाराने नव्हे. आणि सपाटीवर वाढलेल्या खानदेशी माणसाला तो जोर येणार कुठून? जळगाव-धुळ्याच्या सायकलस्वारांमध्ये हे मत आता इतके रुजले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. नवशिक्यांना ते सल्ला म्हणून दिले जाते. सायकल घेताना दुकानात त्याचाच आधार घेतला जातो. त्याचे परिणामही दिसतात. दोनशे-तीनशे किलोमीटर सहज मारणारी माणसे ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या स्वारीचा, घाटाचा मार्ग जाहीर झाला की नाव नोंदवत नाहीत. जी जातात, त्यांतली काही गुडघा धरून परततात आणि दोष स्वतःच्या पायांना देतात. दोष पायांचा नाही, मताचा आहे. म्हणून त्या मताची तपासणी जाहीरपणे व्हायला हवी.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो मांडणारे अनुभवी आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. त्यांचे म्हणणे असे. एक, चढावर खरी कसोटी ताकदीची असते. मागच्या चाकावर ३४ दात्यांपर्यंतच्या चक्रांची थाळीएवढी कॅसेट लावणे म्हणजे दुर्बलतेची कबुली. दोन, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरतात पण सायकल पुढे सरकत नाही, त्यामुळे वेळेची मर्यादा हुकते. तीन, पेडलच्या संथ फेऱ्यांना प्राणवायू कमी लागतो, म्हणजे शास्त्रही जड गिअरच्याच बाजूचे. चार, खानदेश सपाट आहे. घाटाचा सराव नाशिक-पुण्याच्या लोकांनी करावा, आपण फार तर किलोमीटर वाढवावेत किंवा हलकी सायकल घ्यावी. चारही मुद्दे ऐकताना पटतात. एकेक हाती घेऊन तोलून पाहू.

पहिला मुद्दा ताकदीचा. स्वाराचे वजन ७५ किलो धरू; सायकल, पाणी आणि सामान मिळून १५ किलो. एकूण ९०. चढ आठ टक्क्यांचा, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर उंची. हे ओझे ताशी ८ किलोमीटर वेगाने वर न्यायला सुमारे १७० वॅट लागतात. हा आकडा रस्ता, वजन आणि वेग ठरवतात. गिअरचा त्यात काही हात नाही. गिअर एवढेच ठरवतो की हे १७० वॅट पायांनी कसे वाटून घ्यायचे. पुढे ३९ आणि मागे २५ दाते असतील, तर या वेगाला मिनिटाला ४० फेरे पडतात आणि पेडलवर सरासरी २५ किलो वजनाइतका दाब द्यावा लागतो. पुढे ३० आणि मागे ३४ असतील, तर फेरे ७१ आणि दाब सुमारे १४ किलो. रस्ता तोच, वेग तोच, वॅट तेवढेच. दहा किलोमीटरच्या घाटात हा दाब सव्वा तास द्यायचा आहे, आणि घाट संपल्यावर अजून शंभर किलोमीटर उरले आहेत. मग पंचवीस किलोचा हट्ट कशासाठी?

यावर उत्तर ठरलेले असते: शर्यतीतले पोरगे याच ३९-२५ वर घाट चढतात की! चढतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात ‘घाटांचा राजा’ ठरणाऱ्या स्पर्धकाबद्दल प्रत्येक मराठी सायकलस्वाराला आदर आहे, मलाही आहे. पण त्याचे गणितही पाहा. सायकलसह एकूण वजन ७५ किलो असलेला आणि ३०० वॅट देऊ शकणारा तरुण हाच आठ टक्क्यांचा चढ ताशी १६ किलोमीटरने चढतो. त्या वेगाला ३९-२५ वर त्याचे मिनिटाला ८० फेरे पडतात. म्हणजे तो जड गिअर रेटत नसतो. त्याच्या वॅटला तो गिअर हलकाच असतो! त्याचे अनुकरण करायचे, तर त्याच्या फेऱ्यांचे करा. दात्यांचे अनुकरण करून फेरे निम्म्यावर आणणारा माणूस त्या तरुणाच्या नेमके उलट वागत असतो. टूर द फ्रान्समधले अव्वल चढवीरही आज मागे ३० ते ३४ दात्यांच्या कॅसेट सर्रास लावतात. ते दुर्बळ आहेत असे कोणी म्हणेल काय?

भुसावळच्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, कारण थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे. त्या गाडीचे पुढचे इंजिन कमजोर आहे असे कोणत्याही रेल्वे कामगाराने कधी म्हटलेले नाही. चढ पाहून जोडणी करतात. यंत्राची लाज बाळगत नाहीत.

हा वाद नवाही नाही. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये तो याच शब्दांत झाला होता. सेंट एतिएनचा पॉल द विवी, ज्याला सायकलविश्व ‘व्हेलोसिओ’ म्हणून ओळखते, तो बदलत्या गिअरचा पुरस्कर्ता होता. विरुद्ध बाजूला आंरी देग्रांज. याच गृहस्थाने पुढल्या वर्षी टूर द फ्रान्स सुरू केली. डोंगराळ मार्गावर चाचणी ठरली. एदुआर फिशर हा नावाजलेला स्वार एकाच गिअरच्या सायकलवर, आणि मार्थ हेस ही स्त्री तीन गिअरच्या सायकलवर. मार्थ हेस सरस ठरली. संपूर्ण मार्गात तिने जमिनीला पाय लावला नाही. देग्रांजला पुरावा मिळाला, पण पटला नाही. बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, स्नायूंच्या बळावर जिंकणेच श्रेष्ठ, असे त्याने लिहिले. टूरमध्ये डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. पस्तीस वर्षे एका हट्टापायी गेली. आज पूर्वपक्ष जे बोलतो, ते देग्रांजचेच बोल आहेत. फरक इतकाच की देग्रांजची शर्यत निदान व्यावसायिकांची होती. आपल्याकडे तो नियम पन्नाशीच्या डॉक्टरला आणि शिक्षकाला लावला जातो.

दुसरा मुद्दा वेळेचा. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेंची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. सरासरी काढा, थांबे धरून ती ताशी १५ किलोमीटरच्या आसपासच येते. पूर्वपक्ष म्हणतो, जड गिअर तुम्हाला वेगाने चढायला भाग पाडतो. हे खरे आहे, आणि घात इथेच होतो. ३९-२५ वर मिनिटाला ६० फेरे टिकवायचे, तर वेग ताशी १२ किलोमीटर होतो आणि आपल्या ९० किलोंना सुमारे २६० वॅट लागतात. दिवसभर १७० वॅट देऊ शकणारा माणूस २६० देतो तेव्हा तो उसने घेतो. दहा किलोमीटरचा घाट तो सव्वा तासाऐवजी पन्नास मिनिटांत चढला असे समजू. पंचवीस मिनिटे वाचली. आता घाटानंतरच्या शंभर किलोमीटरवर त्याचा वेग २२ वरून १८ वर आला असेही समजू. साडेचार तासांचे साडेपाच झाले. पंचवीस मिनिटे कमावून एक तास गमावला! यात पोटऱ्यांना आलेले गोळे आणि सावली शोधत केलेले थांबे धरलेलेच नाहीत. वेळेची मर्यादा घाटात हुकत नाही. घाटात केलेल्या उधळपट्टीमुळे ती नंतर हुकते.

खानदेशात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. ती उन्हाची. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. १७० वॅटचे काम करताना शरीरात सुमारे ६०० वॅट उष्णता तयार होते. २६० वॅटला ती ९०० च्या वर जाते. सपाटीवर ताशी २५ च्या वेगाने जाताना वारा ती वाहून नेतो. घाटात वेग आठ-दहा असतो, अंगाला वारा लागत नाही, काळा कातळ आणि डांबर दोन्ही तापलेले असतात. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथे जड गिअरचा आग्रह म्हणजे अंगात दुसरी शेगडी पेटवणे होय.

तिसरा मुद्दा पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रयोगशाळेत मोजले असता, मध्यम श्रमाला मिनिटाला ५० ते ६० फेऱ्यांना प्राणवायू सर्वांत कमी लागतो, हे खरे आहे. ९० फेऱ्यांना तो जास्त लागतो. मग संथ फेरेच बरे नव्हेत काय? इथे दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली: प्राणवायूचा खर्च म्हणजे थकव्याचा संपूर्ण हिशेब नव्हे. १९९२ मध्ये आल्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी सारख्याच श्रमाला ५० आणि १०० फेऱ्यांची तुलना करून मांडीच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंच्या इंधनाचा, साठा तपासला. ५० फेऱ्यांना जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंमधला साठा अधिक घटला होता. कारण उघड आहे. दर फेऱ्याला दाब जास्त, म्हणून जोरकस पण लवकर थकणारे तंतू कामाला लावावे लागतात. थोड्या वेळाच्या प्रयोगात हे चालून जाते. वीस तासांच्या प्रवासात त्याच तंतूंची गरज शेवटच्या चढाला लागते, आणि तेव्हा साठा रिकामा असतो. दुसरी गोष्ट त्याहून साधी. हलका गिअर लावला म्हणून ९० फेऱ्यांची सक्ती होत नाही. ३४ दाते मागे असलेला स्वार वाटल्यास ५५ फेऱ्यांनी चढेल, वाटल्यास ७५ ने. २५ दाते असलेल्याला ही निवडच नसते. रस्ता म्हणेल तेच त्याला करावे लागते. शास्त्राचा आधार घ्यायचा, तर तो निवड ठेवण्याच्या बाजूने मिळतो, निवड गमावण्याच्या बाजूने नाही.

आता चौथा मुद्दा: खानदेश सपाट आहे. तापीकाठच्या रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहून पाहिले, तर हे पटते. पण मान वर करा. उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला सातमाळ्याची आणि अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे टोक. चाळीसगावाहून कन्नडकडे निघालात की औट्रम घाट. जळगावाहून फर्दापूर ओलांडले की अजिंठ्याचा घाट. धुळ्याहून आग्रा महामार्गाने मालेगावच्या दिशेला अगदी जवळ लळिंग, त्याच महामार्गाने उत्तरेला शिरपूर ओलांडले की सेंधव्याआधी बिजासन घाट. साक्रीमार्गे सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, पिंपळनेरहून ताहाराबादकडे जाताना शेलबारी. आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेले तोरणमाळ: शहाद्याहून निघालेला स्वार सातपायरी घाटातून चढत जवळपास हजार मीटर उंची गाठतो. तिन्ही बाजूंनी घाटांनी वेढलेल्या प्रदेशाला घाट नाहीत म्हणणे, हा भूगोलावर अन्याय आहे. खानदेशात घाटांची वाण नाही. घाटापर्यंत सायकलने जाण्याच्या सवयीची आहे.

‘पण रोज औट्रम घाटात कोण जाणार?’ हा आक्षेप रास्त आहे. रोज जाण्याची गरजही नाही. खानदेशाच्या सपाटीवर चढाइतकेच श्रम देणारी एक गोष्ट आहे: वारा. तापीचे खोरे पश्चिमेला उघडे आहे. पावसाळ्याच्या तोंडी आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा किती रेटून वाहतो, हे धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला सव्वापाचशे मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला तो उगीच नव्हे. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध ताशी २० च्या वेगाने सायकल चालवायला साधारण १९० वॅट लागतात. सहा टक्क्यांचा चढ ताशी ११ ने चढायला जवळपास तेवढेच. हृदयाला आणि फुफ्फुसांना हा फरक कळत नाही. धुळ्याहून साक्रीकडे समोरच्या वाऱ्यात न थांबता केलेला तासाभराचा प्रवास हा घाटाचाच सराव आहे.

वारा आणि घाट एकच आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. ताशी २० ने जाणाऱ्या सायकलीत ताशी १० च्या चौपट गतिज ऊर्जा असते. त्यामुळे सपाटीवर फेऱ्यातल्या रिकाम्या क्षणी सायकल स्वतःच पुढे जाते. घाटात त्याच क्षणी ती अडते. बसण्याची ढबही बदलते. पाठ आणि कंबर यांवरचा ताण वेगळा असतो. म्हणून वाऱ्याला खऱ्या चढाची जोड हवी. आठवड्यातून एकदा लळिंगसारख्या जवळच्या चढाच्या आवृत्त्या करा. शंभर मीटर उंची दहा वेळा चढलात, तर हजार मीटर झाले, म्हणजे उंचीच्या हिशेबात एक तोरणमाळ. उतरताना विश्रांती मिळते हे खरे. म्हणून तीन-चार आठवड्यांतून एकदा औट्रम, अजिंठा किंवा तोरणमाळ यांपैकी एक सलग चढा. तिथे कोणता गिअर किती वेळ लागला याची नोंद ठेवा. त्या नोंदीइतका खरा सल्लागार कोणत्याही दुकानात भेटणार नाही.

शिवाय चढ म्हणजे केवळ घाट नव्हे. १८९१ पासून चालत आलेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची ९० तासांची स्वारी पाहा. तिच्या मार्गात आपल्या अर्थाने मोठा घाट नाही. तरीही एकूण चढ सुमारे १२ हजार मीटर भरतो. लहान लहान टेकाडे, पण न संपणारी. आग्रा महामार्गावर धुळ्याहून चांदवडकडे जाणाऱ्यालाही राहूड घाट लागायच्या आधी असे बरेच काही चढावे लागते. अशा रस्त्यावर ज्याला दर चढाला उठून उभे राहावे लागते, तो दुपारपर्यंत संपतो.

राहिले दोन तोडगे: किलोमीटर वाढवणे आणि हलकी सायकल घेणे. किलोमीटर हवेतच; तासन्‌तास खोगिरावर बसण्याची सवय त्यांनीच लागते. पण सपाटीवरचे पाच हजार किलोमीटर पायाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवतात. हलक्या सायकलीचा हिशेब तर चार ओळींचा आहे. ९० किलोंतले दोन किलो कमी केले, तर सव्वा तासाच्या चढात दोन मिनिटांहून कमी वेळ वाचतो. त्यासाठी हजारो नव्हे, कित्येकदा लाखो रुपये जातात. कॅसेट आणि चेन बदलण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. तो केला, तर मागे २५ च्या जागी ३४ दाते आल्याने त्याच चढात दर फेऱ्याचा दाब जवळपास पाव भागाने कमी होतो. कोणता सौदा शहाणपणाचा?

खंडन झाले, मंडनही केले पाहिजे. नियम सोपा आहे. मार्गातला सर्वांत तीव्र आणि लांब चढ पाहा. गप्पा मारता येतील एवढ्याच श्रमाने तुम्ही तो कोणत्या वेगाने चढता, हे सरावात मोजा. त्या वेगाला मिनिटाला ६५ ते ७० फेरे देणारा गिअर सायकलीवर असलाच पाहिजे, आणि त्याहून हलका एक राखीव हवा. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. पुढे ३४ मागे २८ असतील, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर जाते; ३४ ला ३४ असतील तर २.१, ३० ला ३४ असतील तर १.९ मीटरपेक्षा किंचित कमी. ताशी ८ च्या वेगाला मिनिटाला १३३ मीटर जायचे आहेत. भागाकार प्रत्येकाला येतो. ३४-२८ वर फेरे ५१ पडतात. म्हणून अशी जोडणी बहुतेकांना आठ टक्क्यांना अपुरी पडते. कॅसेट बदलण्याआधी मागचा डिरेलर किती दाते पेलतो ते तपासा आणि चेनची लांबी नव्याने मोजून घ्या. बदल स्वारीच्या आदल्या आठवड्यात करू नका. निदान एक सलग घाट नव्या जोडणीवर झालेला असू द्या. उन्हाची सवय दहा-चौदा दिवसांत लागते, म्हणून शेवटच्या महिन्यात काही सराव मुद्दाम सकाळी अकरानंतर करा, पाणी आणि मीठ जवळ ठेवून. शेवटचा आठवडा पायांना विश्रांती द्या.

ताकद नको, असे यात कुठेही म्हटलेले नाही. ताकद हवीच, प्रश्न ती कुठे खर्च करायची एवढाच आहे. पूर्वपक्ष ती पहिल्या घाटात लोकांसमोर खर्च करायला सांगतो. मी ती शेवटच्या पन्नास किलोमीटरसाठी राखा म्हणतो. निवाडा वाचकांनी करावा, आणि माझ्या शब्दावर करू नये. एकाच घाटात, एका आठवड्याच्या अंतराने, दोन्ही जोडण्यांवर जा. घाटमाथ्यावर पोहोचलेली वेळ लिहू नका. त्यानंतरच्या शंभर किलोमीटरची वेळ लिहा. जड गिअरचा कैवार घेणारी वही मला कोणी दाखवली, तर मी हे मत मागे घेईन. तोवर जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही स्वाराने मागच्या मोठ्या कॅसेटची लाज बाळगू नये, आणि सपाटीवर राहतो म्हणून घाटाच्या स्वारीत नाव नोंदवायचे टाळू नये.